निम्म्या मापाचं घर

तुझे बाबा काय करतात असं कोणी विचारलं, की बोरू ऐटीत सांगायची, "खोटं बोलतात. पगारी नोकरी आहे."

समोरच्याचं तोंड पुरेसं पडलं, की मग खुलासा व्हायचा. बाबा पार्कातले रंगारी होते. शहराबाहेरच्या त्या मोठ्या पार्कात, पाळण्यांच्या आणि घसरगुंड्यांच्या पलीकडे, ‘जुनी गल्ली’ नावाचा एक भाग होता. त्या गल्लीतली प्रत्येक वीट, पन्हाळीवरचा गंज, कोपऱ्यातलं शेवाळ, भिंतीला गेलेला तडा आणि कौलांवरची कावळ्याची शीट, सगळं बाबांच्या हातचं. कावळे तेवढे खरे होते आणि तेसुद्धा फसून येऊन बसायचे.

बोरू पंधरा वर्षांची. नाव बाबांनीच ठेवलेलं, काटकुळी आणि टोकदार म्हणून. यंदा चित्रकलेच्या परीक्षेत ती सगळ्या शाळेत पहिली आली होती आणि तेव्हापासून तिची मान खाली येतच नव्हती. "आत येताना वाकत जा हो, चौकट लागेल," असं आई येता-जाता म्हणायची. आई पार्काच्याच शिवणखोलीत होती. विदूषकाच्या विजारीपासून राणीच्या झग्यापर्यंत सगळं तिच्या मशीनखालून जायचं.

गल्लीच्या तोंडाशी घरं दणदणीत होती, पण त्यांतही लबाडी. तळमजला पुऱ्या मापाचा, वरचा पाऊण, त्याच्या वरचा निम्मा. खालून मान वर करून बघणाऱ्याला घर आभाळाला टेकल्यासारखं वाटायचं. गल्ली जसजशी आत जाईल तसतशी घरं आखडत जायची. एका जागी जाड दोरी बांधली होती, लोकांनी तिथवरच यायचं. दोरीपलीकडची घरं आणखी लहान, आणखी लहान, आणि शेवटी उजव्या हाताला एक निम्म्या मापाचं घर. त्याचं दार बोरूच्या छातीला लागायचं. दार तरी कसलं, खिळे मारून बसवलेली फळी. मागच्या बाजूने गेलं की आत काही नाही. चार लाकडी टेकू, वायरींचं भेंडोळं, कोण्या सुताराची विसरलेली एक चप्पल.

त्या घराला लागून भिंत. सपाट, सिमेंटची. आणि त्या भिंतीवर गल्ली पुढे चालू राहायची, रंगातून. आणखी आठ घरं, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, मग एक वळण, मग धुरकट आभाळ. दोरीपाशी उभं राहिलं की वाटायचं, चालत सुटलो तर दुपार होईल. प्रत्यक्षात दोरीपासून भिंतीपर्यंत चाळीस पावलं होती.

बाबा ती पावलं मोठ्याने मोजत जायचे. त्याला कारण होतं. वर्षभरापासून त्यांचा डावा डोळा धुक्यात गेला होता आणि एका डोळ्याला लांबी-खोली कळत नाही. घरी ते चहा कपाच्या शेजारी ओतायचे आणि आई काही न बोलता टेबल पुसायची. पार्कात हे कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांना परांचीवरून उतरवून फाटकावर खुर्चीत बसवलं असतं.

"आणि खुर्चीत बसवलं की मी आठवड्यात मरेन," बाबा म्हणाले होते. हसत म्हणाले होते, म्हणूनच बोरूला ते खरं वाटलं.

म्हणून या सुट्टीत ती रोज सकाळी सातला त्यांच्याबरोबर यायची. पार्क दहाला उघडायचं. तोवरचं बारीक काम तिचं: खिडक्यांचे गज, दारांच्या कड्या, विटांमधल्या सांदी. मोठे हात बाबा मारायचे, दोरीपाशी बघणारा कोणी आला तर ब्रश त्यांच्याच हातात दिसायचा. बाबांची नोकरी आता आपल्या मनगटात आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. भीतीही वाटायची आणि, खरं सांगायचं तर, मजाही.

रंगाऱ्यांचा एक नियम होता, बाबांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेला. शेवटच्या भिंतीवर माणूस काढायचा नाही.

"घर केवढंही असू शकतं," बाबा सांगायचे. "पण माणसाची उंची डोळ्याला पाठ असते. माणूस काढला की डोळा मोजायला लागतो, आणि मोजलं की सगळं उघडं पडतं."

"चुकीच्या मापाचा काढला तर उघडं पडेल," बोरू म्हणाली. "बरोबर मापाचा काढला तर उलट भिंत जास्त खोल दिसेल."

"उस्तादांना अक्कल नव्हती, असंच ना?"

"मी कुठे तसं म्हटलं? तुम्हीच म्हणताय."

नव्या हंगामाआधी मॅनेजर बाई पाहणीला येणार होत्या. त्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं, की भिंत हल्ली मेल्यासारखी दिसते, नवा माणूस बघावा लागेल. पाहणीच्या आदल्या सकाळी बाबा रंग कालवायला मागे गेले असताना बोरूने सुतळी लावली, माप घेतलं, आणि वळणाजवळच्या आठव्या घराच्या खिडकीत एक बाई काढली. करंगळीच्या नखाएवढी. ब्रशचे तीन टिपके: केस, अंग, चौकटीवर ठेवलेला हात. चेहरा नाहीच.

बाबांना त्या डोळ्याने ती दिसली नाही. मॅनेजर बाईंनाही दिसली नाही, निदान वेगळी अशी नाही. त्या दोरीपाशी येऊन थांबल्या आणि फोनवर चाललेलं बोलणं विसरल्या.

"रंगारी, काय केलंत हो?" त्या हळूच म्हणाल्या. "आत जावंसं वाटतंय."

बाबांनी खांदे उडवले. बोरूने बादलीत बघितलं, म्हणजे हसू दिसायला नको.

हंगाम सुरू झाला आणि दोरीपाशी गर्दी होऊ लागली. लोक फोटो काढायचे, मग फोन खाली करून नुसते उभे राहायचे. लहान मुलं तिथे गप्प व्हायची. नव्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबा घरी शीळ घालू लागले, आणि आईने, बऱ्याच दिवसांनी, टेबल पुसताना एक टोमणा मारला. बोरूला वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी भिंतीपाशी पोचता पोचता बाबा थबकले. "त्रेचाळीस," ते म्हणाले.

"पाय छोटे टाकले असतील."

"वर्षभर रोज मोजतोय मी."

त्यांनी उजवा डोळा चोळला. तो हात डोळ्याशी बराच वेळ तसाच राहिला, आणि बोरूला कळलं, की यांना वाटतंय हाही चालला. तिने स्वतः मोजायचं टाळलं. बाबांचं चुकलंय असं निघालं असतं तर वाईट. चुकलेलं नाही असं निघालं असतं तर काय, हा विचार तिने पुरा केला नाही.

पुढल्या रविवारी भरदुपारी एका मुलाचा चेंडू दोरीखालून आत गेला. लाल, रबरी. बोरू दोरीपाशीच उभी होती. चेंडू घरंगळत गेला, घरांमागून घरं टाकत, लहान लहान होत गेला, आणि ती भिंतीवर आपटल्याच्या आवाजाची वाट बघत राहिली. आवाज आला नाही. मुलाच्या वडिलांनी मान वाकडी केली.

"केवढा उतार आहे हो आत."

उतार नव्हता. सिमेंटची सपाट जमीन होती, बोरूने ती कितीदा झाडली होती.

बाबा चेंडू आणायला गेले. दहा मिनिटांत परत आले. दहाच मिनिटं, तिने घड्याळात बघितलं होतं. चेंडू त्यांनी मुलाला दिला, रुमालाने मान पुसली आणि पाणी मागितलं. बाटलीभर पाणी ते एका दमात प्यायले. दुपारच्या डब्याला शिवणखोलीत गेल्यावर आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"सकाळी दाढी केली होती ना तुम्ही?"

बाबांनी गालावरून हात फिरवला. दोन दिवसांची असावी तशी खरखरीत दाढी होती.

"केली होती," ते म्हणाले.

"मग ब्लेडच्या जागी चमचा घेतला असेल," आई म्हणाली. कोणी हसलं नाही. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला.

दुसऱ्या सकाळी बाबा भिंतीपर्यंत गेलेच नाहीत. दोरीपाशी उभं राहून त्यांनी डावा डोळा झाकला आणि उजव्याने बघत राहिले, चित्र तपासताना रंगारी बघतात तसं.

"बोरू. आठव्या घराच्या दारात बाई कोणी काढली?"

तिचे कान तापले. पण खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण बाबांचं चुकत होतं.

"दारात नाही. खिडकीत काढलीय. मीच."

"दारात आहे."

बोरूने बघितलं. खिडकी रिकामी होती. बाई उंबऱ्यात उभी होती, हात चौकटीवर. केस, अंग, हात, तेच तीन टिपके. फक्त आता ती सहाव्या आणि सातव्या घराकडे वळून बघत असावी असं वाटत होतं, आणि चेहरा नसलेल्या माणसाबद्दल असं का वाटावं हे बोरूला सांगता आलं नसतं.

"मी नाही केलं हे."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. त्यांनी बादलीतून लोखंडी पट्टी काढली, जुना रंग खरवडतात ती. "तू थांब इथे."

"बाबा, तिच्यामुळेच मॅनेजर बाईंना भिंत आवडली. ती गेली तर पुन्हा नवा माणूस आणतील. तुमचा डोळा कळेल."

"कळू दे."

"तुम्हीच म्हणालात ना, खुर्चीत बसवलं तर मरेन."

"ते आपलं बोलायला, गं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला टर्पेंटाइनचा वास होता. "मग माझा डबा तू आणून दे फाटकावर. ऐटीत. बाबा काय करतात कोणी विचारलं तर सांग, आता खरं बोलतात."

ते दोरीखालून वाकून गेले. सवयीप्रमाणे मोजत. एक, दोन, तीन.

सकाळचे सव्वाआठ. ऊन कोवळं होतं, पाळणे बंद होते, कुठेतरी कोणी फरशीवर पाणी मारत होतं. बाबांचा कामाचा निळा शर्ट घरांमधून जात होता. पंचवीस, सव्वीस. त्यांचं डोकं आता पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागत होतं, घरं लहान म्हणून. हे नेहमीचं होतं. यालाच तर माप उघडं पडणं म्हणतात. अडतीस. एकोणचाळीस.

"चाळीस," बाबा म्हणाले.

आणि पुढचं पाऊल टाकलं.

एकेचाळीस. बेचाळीस. त्यांचं डोकं पहिल्या मजल्यावरून खाली आलं. मग दाराच्या चौकटीएवढं झालं. आता ते त्या गल्लीत बरोबर मापाचे दिसत होते, खऱ्या घरांमधून जाणाऱ्या खऱ्या माणसासारखे.

साठ. आवाज बारीक होत होता.

बोरूला हाक मारायची होती. तोंड उघडलं होतं तिने. पण हाक मारली आणि ते दचकून वळले, आणि वळताना मोजणं चुकलं तर, असं काहीतरी वेडं तिच्या मनात आलं.

शंभर. की तसं काहीतरी. मग आकडे ऐकू येईनासे झाले.

निळा टिपका आठव्या घराशी पोचला. थांबला. दारातली बाई बाजूला सरकली, पाहुण्याला वाट द्यावी तशी.

दार लागलं.

बोरू धावली. तिने मोजलं नाही. तिचे दोन्ही तळवे सपाट, थंड सिमेंटवर आपटले आणि एका हाताची कातडी सोलून निघाली. रंग वाळलेला होता. आठव्या घराचं दार तिच्या बोटाच्या पेराएवढं होतं, बंद, आणि तिने स्वतः काढलेली कडी त्याच्यावर होती.

पायाशी लोखंडी पट्टी पडली होती.

मग व्हायचं ते सगळं झालं. शोधाशोध झाली, मागचं फाटक तपासलं, फाटकावरच्या माणसाने शपथेवर सांगितलं, की रंगारी आत आले, बाहेर गेले नाहीत. पोलिसांनी विचारलं, घरात भांडण होतं का. बोरूने डोळ्याचं सांगून टाकलं, आणि एवढं एकच सगळ्यांना पटलं: बिचारा आंधळा व्हायला आला होता, कळेल या भीतीने गेला निघून. भिंतीचं तिने फक्त आईला सांगितलं. आईने वेड्यात काढलं नाही, विश्वासही ठेवला नाही. ती मशीनवर बसून राहायची, कापड न घालता पाय मारत.

चौथ्या दिवशी बोरूचं रडणं संपलं आणि डोकं चालायला लागलं. भिंत आपल्या हाताने खोल झाली, ती आपल्याच हाताने परत आणायची. आपण एक माणूस काढला आणि तो हलला. मग दुसरा काढायचा, इकडे येणारा.

पाचव्या दिवशी सकाळी सातला ती भिंतीपाशी होती. चाळीस पावलं, नेमकी. ती आठव्या घराकडे गेलीच नाही. तिने भिंतीच्या अगदी अलीकडच्या काठाशी, जमिनीलगत, शेवटच्या घराच्या बाजूला बाबांना काढलं. तोंड आपल्याकडे. एक पाऊल उचललेलं. निळा शर्ट, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. दोन्ही डोळे तिने स्वच्छ काढले, धुकं नसलेले. यापेक्षा चांगलं चित्र तिने कधी काढलं नव्हतं आणि ते तिला काढतानाच कळत होतं. हात एकदाही चुकला नाही. सुतळी लावलेली, माप घेतलेलं, रंगाऱ्याच्या पोरीला शोभेल असं. बाबा साडेपाच फूट उंच. भिंतीच्या त्या काठाशी माप निम्मं. तिने त्यांना पावणेतीन फुटांचं काढलं.

दुपारी घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "उद्या सकाळी तू चल माझ्याबरोबर."

"कशाला?"

"बाबा येणार आहेत."

आईने तिच्याकडे बघितलं. सोललेला तळवा, नखांत निळा रंग. "बरं," ती म्हणाली, आजारी माणसाला म्हणतात तसं.

सकाळी दोघी दोरीखालून वाकून गेल्या. आई पहिल्यांदाच दोरीच्या आत आली होती. लहान होत गेलेल्या घरांमधून चालताना ती खांदे आवळून घेत होती, कुठे धक्का लागू नये म्हणून.

भिंतीवर बाबा नव्हते.

पुसलेले नव्हते, खरवडलेले नव्हते. ते उभे होते त्या जागी विटा होत्या, सांदीसकट. बोरूने हात फिरवला. कुठेही चढ-उतार नाही. तिचा श्वास जोरात चालू झाला, आणि आधी तो आनंदाचाच होता.

"आले, आई. निघालेत इथून."

"बोरू," आई म्हणाली.

ती भिंतीकडे बघतच नव्हती. शेवटच्या घरासमोर, त्या निम्म्या मापाच्या घरासमोर, ती उभी होती. त्याच्या खिडकीच्या दोन खिळ्यांना एक दोरा बांधला होता आणि दोऱ्यावर शर्ट वाळत घातला होता. निळा. तीन वर्षांच्या मुलाला झाला असता एवढा. पण बेतणी लहान मुलाची नव्हती. रुंद खांदे, लांब बाह्या, पोटाशी सुटलेला घेर. मोठ्या माणसाचा शर्ट, निम्मा.

बोरू पळत मागच्या बाजूला गेली. चार टेकू. वायरींचं भेंडोळं. चप्पल. परत पुढे आली आणि गुडघ्यांवर बसली. फळी खिळ्यांनी ठोकलेली होती, नेहमीसारखी. तिने कान लावला.

"बाबा," ती म्हणाली. हळू. "मी माप चुकवलं. म्हणजे, चुकवलं नाही."

आतून काहीच आलं नाही. कोणीतरी श्वास रोखून धरावा तसं काहीच नाही.

आईने शर्ट दोऱ्यावरून काढला होता. ती तो दोन्ही हातांत धरून, उलटा करून, उजेडाकडे नेऊन बघत होती, शिवणखोलीत आलेला प्रत्येक कपडा बघायची तसाच. खिशाखाली रफू होतं. गेल्याच आठवड्यात तिने घातलेलं, घाईत, जरा तिरकं गेलेलं. तितकंच तिरकं होतं. टाके नखाने मोजायलासुद्धा बारीक. असे टाके घालता येतील अशी सुई तिच्याकडे नव्हती, कुठेच नव्हती.

"त्यांचाच आहे," ती म्हणाली.

तिच्या बोटांमधून पाण्याचा एक थेंब खाली पडला. शर्ट ओला होता. कॉलर घासून काढलेली, बाह्यांवरचे रंगाचे डाग साबणाने फिके केलेले, पिळून, झटकून, सुरकुती पडू नये म्हणून खांद्यांवर ताणून घातलेला.

आई फळीच्या दाराकडे बघत राहिली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि त्या माणसाने आयुष्यात कधी स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता.